आराखड्यावरचा शिक्का: अमेरिकेतील अभियंत्यांचा राज्य परवाना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एखाद्या पुलाचा, शाळेच्या इमारतीचा किंवा पाणीपुरवठा केंद्राचा आराखडा मंजुरीसाठी दाखल होतो, तेव्हा त्याच्या प्रत्येक महत्त्वाच्या पानावर एक छोटा शिक्का असावा लागतो. त्या शिक्क्यात राज्याचे नाव, अभियंत्याचे नाव आणि त्याचा परवाना क्रमांक असतो, आणि त्यासोबत अभियंत्याची सही व तारीख असते. असा शिक्का बाळगणाऱ्याला तेथे ‘प्रोफेशनल इंजिनिअर’ किंवा थोडक्यात ‘पीई’ म्हणतात. पदवी विद्यापीठ देते आणि नोकरी कंपनी देते. परंतु ज्या रचनेवर लोकांचे जीवित अवलंबून आहे तिचा आराखडा स्वतःच्या नावावर जनतेला देऊ करण्याचा अधिकार तेथे राज्य सरकारच देते, आणि तेच तो काढूनही घेऊ शकते. या परवान्याचे नियम वाचू लागले की त्यांत एक सलग योजना शोधणारा वाचक लवकरच निराश होतो, कारण त्यातील बहुतेक कलमे कुठल्या ना कुठल्या अपघातानंतर किंवा तंट्यानंतर लिहिली गेली आहेत, आणि प्रत्येक वेळी कायद्याने साधारणपणे तेवढीच फट बुजवली जेवढी त्या अपघाताने उघडी पाडली होती.

परवाना केंद्र सरकारचा नसून राज्याचा का, याचे कारण अमेरिकी राज्यघटनेच्या रचनेत आहे. नागरिकांचे आरोग्य, सुरक्षितता आणि लोकहित राखण्याची मूळ सत्ता तेथे राज्यांकडे राहिली आहे. वैद्यकीय व्यवसायासाठी परवाना सक्तीचा करणारा वेस्ट व्हर्जिनिया राज्याचा कायदा डेंट या वैद्याने आव्हानित केला, तेव्हा १८८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला, आणि विशेष ज्ञान लागणाऱ्या व्यवसायात कोणाला शिरू द्यावे हे ठरवण्याचा राज्यांचा अधिकार त्यामुळे पक्का झाला. डॉक्टर आणि वकील यांच्यामागोमाग अभियंत्यांचीही पाळी आली, पण ती आली ती न्यूयॉर्क किंवा शिकागोसारख्या गगनचुंबी इमारतींच्या शहरांत नव्हे, तर वायोमिंगसारख्या विरळ वस्तीच्या, कोरड्या, पशुपालक राज्यात.

वायोमिंगच्या राज्यघटनेनुसार तेथील नद्यानाल्यांचे पाणी राज्याच्या मालकीचे आहे. ज्याला शेतीसाठी किंवा खाणीसाठी पाणी हवे असेल त्याने राज्य अभियंत्याकडे अर्ज करायचा, त्यासोबत पाटाचा नकाशा आणि मोजणी जोडायची, आणि मग अग्रक्रमानुसार त्याला पाण्याचा हक्क मिळायचा, अशी ती पद्धत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी राज्य अभियंता असलेल्या क्लॅरेन्स जॉन्स्टन यांच्या लक्षात आले की हे नकाशे वकील, नोटरी आणि ज्यांना मोजणीचा गंधही नाही अशी माणसे करत आहेत आणि त्यांवर बेलाशक अभियंता किंवा मोजणीदार म्हणून सही करत आहेत. चुकीच्या नकाशावर दिलेला पाण्याचा हक्क म्हणजे शेजाऱ्याशी पिढ्यान्‌पिढ्या चालणारा खटला. त्यामुळे १९०७ मध्ये वायोमिंगने अभियंते आणि मोजणीदार यांच्यासाठी देशातील पहिला परवाना कायदा केला, आणि चार्ल्स बेलामी हे त्याखालील पहिले परवानाधारक ठरले. म्हणजे या व्यवस्थेचा जन्म एखाद्या कोसळलेल्या इमारतीतून झाला नाही. तो पाणीवाटपाच्या कागदपत्रांतून झाला. पुढच्या राज्यांची कहाणी मात्र इतकी निरुपद्रवी राहिली नाही.

१२ मार्च १९२८ च्या मध्यरात्रीच्या सुमारास लॉस एंजेलिसच्या उत्तरेकडील सेंट फ्रान्सिस हे काँक्रीटचे धरण फुटले आणि चारशेहून अधिक माणसे वाहून गेली. धरणाचे कर्तेधर्ते विल्यम मुल्होलंड हे त्या शहराचे पाणी आणणारे भगीरथ मानले जात. पाटाची देखभाल करणाऱ्या मजुरापासून सुरुवात करून ते पाणीपुरवठा खात्याच्या प्रमुखपदी पोहोचले होते, आणि त्यांचे अभियांत्रिकीचे ज्ञान संपूर्णपणे स्वकष्टार्जित होते. धरण फुटण्याच्या सुमारे बारा तास आधी त्यांनी स्वतः गळतीची पाहणी करून धोका नसल्याचा निर्वाळा दिला होता. मृत्यूंच्या चौकशीत पंचांनी जो निष्कर्ष काढला त्याचा रोख मुल्होलंड यांच्या हेतूवर नव्हता. एवढ्या मोठ्या धरणाची उभारणी कितीही नामवंत असला तरी एकाच माणसाच्या निर्णयावर सोपवता कामा नये, असा तो होता. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, कॅलिफोर्नियाने धरणांच्या सुरक्षिततेवर राज्याची देखरेख आणणारा कायदा केला आणि स्थापत्य अभियंत्यांसाठी परवानाही सक्तीचा केला. येथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे: केवळ परीक्षा घेतली असती तर मुल्होलंड यांच्यासारखा अनुभवी माणूस ती बहुधा उत्तीर्ण झाला असता, त्यामुळे परवाना आणि दुसऱ्या नजरेची तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कॅलिफोर्नियाने दोन्ही एकाच वर्षी आणून एक प्रकारे मान्यच केले.

टेक्सासची घटना अधिक हृदयद्रावक आहे. १८ मार्च १९३७ रोजी दुपारी, शाळा सुटण्याच्या थोडेच आधी, न्यू लंडन या तेलपट्ट्यातील गावच्या शाळेत नैसर्गिक वायूचा स्फोट झाला आणि सुमारे तीनशे मुले व शिक्षक मृत्युमुखी पडले. तेलविहिरींच्या उत्पन्नामुळे ती शाळा श्रीमंत होती, तरीही खर्च वाचवण्यासाठी तिने जवळच्या कारखान्यातून टाकाऊ म्हणून वाहून नेल्या जाणाऱ्या वायूच्या नळाला जोडणी घेतली होती. तो वायू गंधहीन होता. जोडणीतून झालेली गळती इमारतीखालच्या पोकळीत साचत राहिली, आणि कार्यशाळेतील एका विजेच्या यंत्राच्या ठिणगीने तिचा भडका उडाला. या दुर्घटनेतून दोन कायदे निघाले. एकाने वायूत उग्र वासाचे गंधकयुक्त द्रव्य मिसळणे बंधनकारक केले, आणि घरगुती वायूला आज जो सडका वास येतो त्यामागे हा इतिहास आहे. दुसरा कायदा त्याच वर्षी संमत झालेला टेक्सासचा अभियांत्रिकी व्यवसाय कायदा, ज्याने सार्वजनिक सुरक्षिततेशी निगडित अभियांत्रिकी काम परवानाधारकांपुरते मर्यादित केले. १९५० पर्यंत देशातील सर्व राज्ये, तेव्हा अजून राज्याचा दर्जा न मिळालेले अलास्का व हवाई हे प्रदेश आणि पोर्तो रिको यांनी असे कायदे केले होते.

आज परवाना मिळवण्याची वाट सर्वत्र साधारण सारखी आहे, निदान कागदावर. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची चार वर्षांची पदवी, मग अभियांत्रिकीच्या पायाभूत तत्त्वांची परीक्षा, त्यानंतर परवानाधारक अभियंत्याच्या हाताखाली सुमारे चार वर्षे वाढत्या जबाबदारीचे काम, आणि शेवटी निवडलेल्या शाखेतील व्यावसायिक परीक्षा, असा तो क्रम आहे. अभ्यासक्रमांना मान्यता देणारी ‘एबेट’ ही संस्था १९३२ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली, तर परीक्षा घेणारी ‘एनसीईईएस’ ही राज्य मंडळांची संयुक्त परिषद १९२० मधील आहे. पहिल्या परीक्षेत ११० प्रश्न आणि सुमारे सहा तास, दुसऱ्या परीक्षेत बहुतेक शाखांना ८० प्रश्न आणि सुमारे आठ तास असतात, आणि दोन्ही आता संगणकावर होतात. पहिली उत्तीर्ण झालेल्याला प्रशिक्षणार्थी अभियंता म्हणून प्रमाणपत्र मिळते, मात्र त्याला शिक्का वापरता येत नाही.

एकसारखी परीक्षा असली तरी परवाना देणारी मंडळे वेगवेगळी आहेत, आणि पन्नास राज्ये, राजधानीचा जिल्हा व चार बेटप्रदेश मिळून अशी ५५ अधिकारक्षेत्रे होतात. कॅलिफोर्नियात मान्यताप्राप्त पदवीधराला चारऐवजी दोन वर्षांचा अनुभव पुरतो, पण स्थापत्य अभियंत्याला तेथे भूकंपरोधक रचना आणि मोजणी या विषयांच्या दोन जादा परीक्षा द्याव्या लागतात. भूकंपाच्या पट्ट्यात वसलेल्या राज्याने असे करणे स्वाभाविकच आहे. टेक्सासमध्ये परवाना टिकवण्यासाठी दरवर्षी १५ तास व्यावसायिक शिक्षण घ्यावे लागते, ज्यात एक तास नीतिशास्त्राचा असतो, तर कॅलिफोर्नियात अशी अट नाही. इलिनॉयमध्ये इमारतींच्या सांगाड्याचे काम करणाऱ्या अभियंत्यांसाठी १९१५ पासून स्वतंत्र परवाना आहे, आणि सामान्य परवानाधारक स्थापत्य अभियंत्याला ते काम तेथे करता येत नाही. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. दुसऱ्या राज्याचे मंडळ कागदपत्रे पाहून, बहुधा पुन्हा परीक्षा न घेता, स्वतःचा परवाना देते. दहा राज्यांत पूल बांधणाऱ्या सल्लागाराकडे त्यामुळे दहा शिक्के असू शकतात, प्रत्येकाचे शुल्क आणि नूतनीकरणाची तारीख वेगळी. या पसाऱ्याबद्दल अमेरिकी अभियंते वर्षानुवर्षे कुरकुर करत आले आहेत आणि ती कुरकुर रास्त आहे, कारण पोलाद टेक्सासमध्ये वाकते तसेच ओक्लाहोमातही वाकते.

परीक्षांचे हे तपशील वाचून परवान्याचा गाभा परीक्षेत आहे असा समज होण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात तो गाभा एका कायदेशीर कल्पनेत आहे, जिला मराठीत ‘जबाबदार देखरेख’ म्हणता येईल. आराखडा शिकाऊ मदतनिसाने रेखला असो वा संगणकाने, ज्याने शिक्का मारला त्याने त्या कामावर आरंभापासून प्रत्यक्ष नियंत्रण ठेवले पाहिजे, आणि त्यातील दोषाला उत्तर देण्याचे दायित्व त्याला दुसऱ्याकडे सरकवता येत नाही. दुसऱ्याने केलेल्या कामावर न पाहता शिक्का मारून देणे हा बहुतेक राज्यांत परवाना गमावण्याइतका गंभीर अपराध आहे. ही कल्पना किती कठोरपणे लागू होते हे कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलच्या प्रकरणात दिसले.

मिसुरी राज्यातील त्या हॉटेलच्या उंच दालनात हवेत लोंबकळणारे पादचारी पूल होते. चौथ्या मजल्यावरचा पूल आणि त्याच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्यावरचा पूल हे दोन्ही छतापासून सोडलेल्या लांब पोलादी सळ्यांवर टांगायचे, असा मूळ आराखडा होता. एकच सळई दोन्ही पुलांच्या तुळयांतून आरपार जाणार होती आणि प्रत्येक पूल आपापल्या नटावर टेकणार होता. पोलादकाम करणाऱ्या कंत्राटदाराला इतक्या लांब सळईवर आटे पाडणे गैरसोयीचे वाटले, म्हणून त्याने एका सळईच्या जागी दोन सुचवल्या: छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत एक, आणि चौथ्या मजल्याच्या तुळईपासून खाली दुसऱ्या मजल्यापर्यंत दुसरी. दोरीला दोन माणसे वेगवेगळी लटकलेली असणे आणि एकाने दोरीला धरून दुसऱ्याने त्याच्या पायांना लटकणे यांत जो फरक आहे तोच येथे पडला. वरच्या तुळईखालच्या नटावरचा भार दुप्पट झाला. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी नृत्याच्या कार्यक्रमासाठी दालन भरलेले असताना तो सांधा फाटला, दोन्ही पूल खालच्या गर्दीवर कोसळले आणि ११४ माणसे ठार झाली.

केंद्रीय मानक संस्थेच्या तपासात निघालेली गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी होती. मूळचा एका सळईचा आराखडासुद्धा शहराच्या बांधकाम नियमांनी मागितलेल्या भाराच्या सुमारे ६० टक्केच भार पेलू शकला असता. सांध्याची तपशीलवार आकडेमोड कोणी केलीच नव्हती. कंत्राटदाराच्या कार्यशाळेतील नकाशांवर अभियंत्यांचा शिक्का होता, आणि सांधे ठरवणे हे पोलादकाम करणाऱ्याचे काम, अशी या व्यवसायात रूढी असल्याचा बचाव त्यांच्यातर्फे करण्यात आला. राज्य मंडळापुढील कार्यवाहीत प्रशासकीय न्यायाधीशांनी १९८५ मध्ये तो बचाव फेटाळला आणि घोर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला; जॅक गिलम आणि डॅनियल डंकन या अभियंत्यांचे मिसुरीतील परवाने रद्द झाले. फौजदारी खटल्यात जे सिद्ध करणे कठीण असते ते परवाना मंडळापुढे सिद्ध करणे सोपे असते, कारण तेथे हेतू सिद्ध करावा लागत नाही. अभियंत्याने आपल्या नावाखालील काम पाहिले होते की नाही एवढाच प्रश्न असतो. नंतरच्या काळात गिलम यांनी अभियंत्यांच्या सभांमध्ये जाऊन या अपघाताबद्दल जाहीरपणे व्याख्याने दिली, ही गोष्ट त्यांच्या खात्यावर जमा धरली पाहिजे.

पूल आणि तुळया डोळ्यांना दिसतात, पण इमारतीच्या भिंतींत दडलेल्या यंत्रणांचा आराखडा कोणी करायचा हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. आग लागताच छतातून पाणी शिंपडणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेचे उदाहरण घेता येईल. गोदामात काय साठवले आहे, त्यावरून पाण्याची घनता किती हवी आणि सार्वजनिक नळाचा दाब पुरेल का, हे ठरवणे हे अभियंत्याचे काम मानले जाते. प्रत्येक नळी कुठून जाईल, तिचा व्यास किती आणि शिंपडण्याच्या तोट्या कुठे बसतील हा तपशील मात्र बहुधा तंत्रज्ञ आखतात. या तंत्रज्ञांसाठी ‘निसेट’ या संस्थेची चार पायऱ्यांची प्रमाणपत्रे आहेत, आणि अनेक राज्यांनी आपले नियम त्यांवर टेकवले आहेत. टेक्सासमध्ये अशी यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीत राज्य अग्निशमन अधिकाऱ्याचा परवाना असलेला एक जबाबदार कर्मचारी असावा लागतो, आणि तो परवाना मिळवण्याचा रूढ मार्ग निसेटच्या तिसऱ्या पायरीतून जातो. फ्लोरिडात ४९ किंवा त्याहून कमी तोट्यांची नवी यंत्रणा परवानाधारक कंत्राटदार स्वतः आखू शकतो, त्यापुढे अभियंत्याचा शिक्का लागतो. पन्नासाव्या तोटीने पाण्याचे भौतिकशास्त्र बदलत नाही हे उघड आहे, पण कायद्याला कुठेतरी रेघ ओढावीच लागते. टेक्सासच्याच कायद्यात एकमजली, ५,००० चौरस फुटांपर्यंतच्या आणि २४ फुटांपेक्षा मोठा खांबविरहित गाळा नसलेल्या इमारतींना अभियंत्याची सक्ती नाही, ती रेघही याच जातीची.

रेघा ओढताना सर्वांत मोठा भाग बाहेर राहिला तो कारखान्यांचा. बहुतेक राज्यांत ‘औद्योगिक सूट’ नावाची तरतूद आहे, जिच्यानुसार एखादी उत्पादक कंपनी स्वतःच्या मालासाठी जे अभियंते नोकरीस ठेवते त्यांना परवान्याची गरज नसते. मोटार, विमान, फ्रिज, औषधी उपकरणे यांची रचना करणारे अमेरिकेतील बहुसंख्य अभियंते म्हणूनच परवान्याविना आयुष्यभर काम करतात. या सवलतीचे समर्थन असे की तेथे राज्य माणसाऐवजी वस्तू तपासते: विमानाच्या प्रत्येक नव्या प्रकाराला केंद्रीय विमान वाहतूक प्रशासनाचे प्रमाणपत्र लागते, आणि सदोष मालाबद्दल कंपनीवर दावा करता येतो. युक्तिवाद पोकळ नाही. पूल एकदाच बांधला जातो आणि त्याची चाचणी लोक त्यावरून चालू लागल्यावरच होते, तर मोटारीचे नमुने बाजारात येण्याआधी शेकडो वेळा आदळून पाहता येतात. परंतु ही सूट अनेक राज्यांत नैसर्गिक वायू पुरवणाऱ्या कंपन्यांनाही मिळाली होती, आणि शहराखाली पसरलेले वायुवाहिन्यांचे जाळे आदळून पाहण्याजोगी वस्तू नाही.

१३ सप्टेंबर २०१८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील लॉरेन्स, अँडोव्हर आणि नॉर्थ अँडोव्हर या लगतच्या गावांत संध्याकाळच्या सुमारास घरामागून घर पेट घेऊ लागले. त्या भागात कोलंबिया गॅस कंपनी जुन्या बिडाच्या वायुवाहिन्या काढून प्लास्टिकच्या वाहिन्या टाकत होती. घरांना वायू फार कमी दाबाने दिला जातो, आणि तो दाब राखण्यासाठी मुख्य वाहिनीवर दाबनियंत्रक बसवलेले असतात. खालच्या वाहिनीत दाब किती आहे हे नियंत्रकाला एका बारीक संवेदक नळीतून कळते. दाब घटला की तो झडप उघडतो, वाढला की मिटतो. त्या दिवशी कामगारांनी आखून दिलेल्या क्रमाने जुनी वाहिनी बंद केली, पण संवेदक नळ्या अजून त्या बंद झालेल्या वाहिनीलाच जोडलेल्या होत्या, आणि त्या दुसरीकडे हलवण्याचा उल्लेख कामाच्या आराखड्यात नव्हता. जुन्या वाहिनीतला दाब ओसरू लागला तसा नियंत्रक आपले काम चोख बजावत झडपा उघडत गेला आणि जास्त दाबाचा वायू थेट घरांच्या शेगड्या व बॉयलरांपर्यंत पोहोचला. एक तरुण ठार झाला, किमान २२ जणांना रुग्णालयात न्यावे लागले आणि १३१ इमारतींचे नुकसान झाले. यंत्रातला एकही भाग बिघडलेला नव्हता, आणि याच कारणाने हे प्रकरण संपूर्ण यंत्रणेच्या रचनेचे उत्तम उदाहरण ठरते: नळी, झडप आणि नियंत्रक वेगवेगळे पाहणाऱ्याला दोष सापडला नसता, तो त्यांच्यातील संबंध ज्याला ठाऊक आहे त्यालाच सापडला असता.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात दिसले की हा आराखडा कोणत्याही परवानाधारक अभियंत्याने तपासून शिक्कामोर्तब केलेला नव्हता, कारण राज्याच्या कायद्याने वायू कंपन्यांना तशी सूट दिली होती. मंडळाने अंतिम अहवालाची वाट न पाहता नोव्हेंबरमध्येच ही सूट काढून टाकण्याची तातडीची शिफारस केली, आणि डिसेंबर संपण्याआत मॅसॅच्युसेट्सने ती काढलीही. अशीच सूट असलेल्या इतर राज्यांनाही मंडळाने पुढे तीच शिफारस केली. मॅसॅच्युसेट्समध्ये आराखड्याची पाने तीच असतील, पण आता त्यांवर कोणाचे तरी नाव असेल, आणि आपले नाव पानावर उमटणार आहे हे ठाऊक असलेला माणूस संवेदक नळी कुठे जोडली आहे असा प्रश्न विचारण्याची शक्यता अधिक असते. परवान्याच्या बाजूने करता येणारा सर्वांत मजबूत युक्तिवाद हाच दिसतो, आणि तो ज्ञानापेक्षा मनुष्यस्वभावावर अधिक आधारलेला आहे.

याच व्यवस्थेचा अतिरेकही झालेला आहे. ऑरेगन राज्यात एका महिलेला सिग्नलवरील कॅमेऱ्याने लाल दिवा ओलांडल्याबद्दल दंड केला. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या तिच्या पतीने पिवळ्या दिव्याच्या अवधीचे गणित तपासले, आणि १९५९ च्या एका शोधनिबंधावर आधारलेले प्रचलित सूत्र वळण घेण्यासाठी वेग कमी करणाऱ्या वाहनांचा विचार करत नाही, असे दाखवून दिले. ही गोष्ट राज्याच्या परवाना मंडळाला कळवताना त्याने स्वतःचा उल्लेख अभियंता असा केला, तेव्हा मंडळाने परवान्याविना ती उपाधी लावल्याबद्दल आणि परवान्याविना अभियांत्रिकी केल्याबद्दल २०१७ मध्ये त्यालाच ५०० डॉलर दंड ठोठावला. केंद्रीय न्यायालयाने २०१८ च्या अखेरीस त्याच्या बाजूने निकाल देत उपाधीवरील सरसकट बंदी भाषणस्वातंत्र्याशी विसंगत ठरवली, आणि २०२० मध्ये वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेने पिवळ्या दिव्याविषयीच्या आपल्या मार्गदर्शक सूचनाही बदलल्या. काही राज्यांत किंवा काही शाखांत कायदा फक्त उपाधी राखतो, तर इतरत्र तो प्रत्यक्ष काम राखतो. पहिल्या प्रकारात परवाना नसलेला माणूस काम करू शकतो पण ते नाव लावू शकत नाही, दुसऱ्या प्रकारात कामही करू शकत नाही. लोकांच्या जिवाशी संबंध असलेले काम राखणे समर्थनीय आहे. एका नागरिकाने सरकारला पाठवलेल्या पत्रातील आकडेमोड राखण्याचा प्रयत्न करणाऱ्या मंडळाने मात्र आपल्या सत्तेचे प्रयोजनच विसरलेले असते.

संगणकप्रणालींच्या बाबतीत ही व्यवस्था अजून चाचपडतेच आहे. टेक्सासने १९९८ मध्ये सॉफ्टवेअर अभियांत्रिकीला परवान्यायोग्य शाखा म्हणून मान्यता दिली, आणि २०१३ मध्ये त्या शाखेची राष्ट्रीय परीक्षाही सुरू झाली. पाच वेळा घेतलेल्या त्या परीक्षेला सर्व मिळून ८१ उमेदवार बसले आणि २०१९ नंतर ती बंद करण्यात आली. उमेदवार न येण्याचे कारण औद्योगिक सूटच होती: ज्याला परवान्याविना नोकरी मिळते तो परीक्षा कशाला देईल?

महाराष्ट्रातून अमेरिकेत जाणाऱ्या हजारो अभियंत्यांपैकी बहुतेकांना या साऱ्याची जाणीवही होत नाही, ती याच सवलतीमुळे. पुण्याहून यंत्र अभियांत्रिकी शिकून डेट्रॉइटच्या मोटार कंपनीत गेलेल्याला किंवा कॅलिफोर्नियात प्रणाली लिहिणाऱ्याला परवान्याशी सहसा कर्तव्य नसते. पूल, इमारती, सांडपाणी किंवा वीजवितरण यांच्या सल्लागार संस्थेत काम करणाऱ्याला मात्र काही वर्षांतच त्याची गरज भासते, कारण शिक्क्याविना बढती एका पातळीवर अडते. भारताची राष्ट्रीय मूल्यांकन संस्था २०१४ मध्ये ‘वॉशिंग्टन करार’ या अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेच्या आंतरराष्ट्रीय करारात पूर्ण सदस्य झाली, तरी राज्य मंडळे तेवढ्यावर समाधान मानतातच असे नाही. अनेक मंडळे परदेशी पदवीचे स्वतंत्र मूल्यमापन मागतात, आणि त्यात गणित व मूलविज्ञानाचे तसेच अभियांत्रिकीचे ठरावीक श्रेयांक भरतात का हे विषयवार तपासले जाते. त्यामुळे महाविद्यालयातून बाहेर पडताना अभ्यासक्रमाची सविस्तर, विद्यापीठाच्या शिक्क्याची प्रत जवळ ठेवणे दहा वर्षांनी उपयोगी पडू शकते.

भारतात वास्तुविशारदांसाठी १९७२ चा केंद्रीय कायदा आणि त्याखालील परिषद आहे, परंतु अभियंत्यांसाठी तशी वैधानिक परिषद नाही. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या १९२० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेची ‘चार्टर्ड इंजिनिअर’ ही उपाधी प्रतिष्ठेची आहे, पण ती अभियांत्रिकी करण्याची पूर्वअट नाही. महाराष्ट्रात परवान्याचे काम तुकड्यातुकड्यांनी चालते: इमारतींच्या सांगाड्याच्या अभियंत्याची नोंदणी महानगरपालिका किंवा अन्य नियोजन प्राधिकरण करते, मुंबईत ‘लायसन्स्ड सर्व्हेअर’ महापालिकेचा परवाना घेतो, आणि विजेच्या कामाचे कंत्राटदार व पर्यवेक्षक राज्य सरकारच्या परवान्यावर काम करतात. एका पालिकेने दिलेली नोंदणी हा त्या पालिकेच्या हद्दीपुरता प्रशासकीय व्यवहार राहतो, आणि सदोष आराखड्याची चौकशी करून अभियंत्याला संपूर्ण राज्यात त्या व्यवसायातून दूर करण्याचा अधिकार असलेले, मिसुरीच्या मंडळासारखे एकच व्यासपीठ येथे अस्तित्वात नाही. इमारत कोसळल्यावर आपल्याकडे गुन्हा नोंदला जातो, अटका होतात आणि खटला वर्षानुवर्षे रेंगाळतो. सांध्याची आकडेमोड कोणी केली होती आणि ती पाहून कोणी सही केली होती, या प्रश्नाचा निवाडा मात्र त्या विषयातले जाणकार ज्यात बसतात अशा मंडळापुढे होत नाही.